नातेवाईक भारतात, काम गोपनीय

भारताचा पासपोर्ट परत करून अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की आता आपण पुरते इथले झालो, असे इकडच्या अनेक मराठी माणसांना वाटते. संरक्षण खात्याच्या कामाची कंत्राटे घेणाऱ्या कंपनीत नोकरी करायची ठरवली की मात्र 'सिक्युरिटी क्लिअरन्स', म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याचा सरकारी परवाना, लागतो आणि साताऱ्यात बसलेल्या आई-वडिलांची नोंद वॉशिंग्टनच्या दफ्तरी होते. उत्तर व्हर्जिनियात अशा नोकऱ्या पुष्कळ असल्यामुळे इथल्या मराठी घरांत हा विषय वारंवार निघतो, आणि त्याबद्दलच्या ऐकीव गोष्टीही तितक्याच.

सुरुवात होते ती एसएफ-८६ या शंभराहून अधिक पानांच्या अर्जाने. त्यात आई-वडील, भावंडे, मुले आणि सासू-सासरे यांचे जन्मस्थान, नागरिकत्व, पत्ता आणि परदेशी असल्यास त्यांच्या नोकरीचा तपशील द्यावा लागतो. चुलत-मावस भावंडे या यादीत नसली, तरी गेल्या ७ वर्षांत ज्या परदेशी नागरिकाशी जिव्हाळ्याचा व नित्याचा संबंध आला त्याचे नाव वेगळ्या विभागात लिहायचे असल्याने तीही बहुधा येतातच. परदेशातील मालमत्तेचा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला विशेष अवघड जातो, कारण वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर काका, आत्या आणि आपण असे सगळेच एका ओळीत असतो; त्यातला आपला हिस्सा डॉलरमध्ये किती, हे गावच्या तलाठ्यालाही सांगता येणार नाही.

निर्णय १३ निकषांवर होतो. त्यांची सध्याची आवृत्ती जून २०१७ पासून लागू असून त्यातला दुसरा निकष परकीय प्रभावाचा आहे. उमेदवाराच्या निष्ठेसाठी वेगळा निकष आहे. इथे प्रश्न असतो तो त्याच्या माणसांना धरून कोणी त्याच्यावर दबाव आणू शकेल का, एवढाच. भारत लोकशाही देश आहे आणि अमेरिकेशी त्याचे संबंध चांगले आहेत हे जमेस धरले जाते, पण तेवढ्याने भागत नाही. संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयाचे निकाल उमेदवाराचे नाव वगळून प्रसिद्ध होतात. भारतीय वंशाच्या उमेदवारांच्या निकालांत दहशतवादाचा विचार करताना २६/११ चा उल्लेख वाचायला मिळतो, तेव्हा मुंबईच्या माणसाला जरा विचित्र वाटते. जोडीदाराच्या जवळच्या नातलगांविषयीही उमेदवाराला जिव्हाळा असतो असे तिथे गृहीत धरले जाते, आणि तसे नसेल तर ते त्यानेच दाखवायचे. जावयाचा सासूवर जीव असतो, हे सरकारदरबारी इतक्या ठामपणे दुसरीकडे कुठे मान्य झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

व्यवहारात वडील बँकेतून निवृत्त झालेले असणे आणि भाऊ लष्करी संशोधनात असणे, यांत मोठा फरक पडतो. दुसऱ्या पारड्यात इथले घर, इथे वाढलेली मुले, इथे घालवलेली वर्षे आणि भारतातल्या मालमत्तेच्या मानाने इथली मिळकत किती, हे मोजले जाते. संबंध कमी दाखवावेत म्हणून एखादा भाऊ किंवा बँकेचे खाते लपवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला घातक वाटतो, कारण लपवाछपवी हा सचोटीच्या वेगळ्या निकषाखाली स्वतंत्र दोष ठरतो आणि तो पुसणे नात्यांपेक्षा कितीतरी कठीण असते.

क्लिअरन्स हा कोणाचाही हक्क नाही, असे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ईगन खटल्यात म्हटले, आणि शंका उरल्यास तिचा फायदा उमेदवाराला न देता राष्ट्रीय सुरक्षेला द्यायचा, असा नियम आहे. फौजदारी खटल्याची सवय असलेल्या मनाला हे उलटे वाटते. मलाही पटायला वेळ लागला. तरी कंपनीतल्या उमेदवाराला आक्षेपांचे लेखी पत्र मिळते, त्याला २० दिवसांत उत्तर देऊन सुनावणी मागता येते आणि निकाल विरोधात गेल्यास अपीलही करता येते. क्लिअरन्स मिळाल्यावरही भारतात जाण्याआधी तसे कळवावे लागते, मग निमित्त गणपतीचे असो वा भाचीच्या लग्नाचे.