वास्कोतली भिंगांची दुर्बीण

गोव्यातल्या आमच्या वास्कोत दुर्बीण घ्यायची तर भिंगांची घ्या, आरशाची नको. कोणी विचारलं की माझं हेच उत्तर. आरशाच्या दुर्बिणीची नळी बहुधा पुढून उघडी असते. आमची खारी हवा सरळ आत शिरते आणि आरशावरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ थराची वाट लावते. भिंगांच्या दुर्बिणीचं तोंड भिंगानेच बंद. बुरशी मात्र हिलाही सोडत नाही, म्हणून पावसाळाभर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या.

माझ्या दुर्बिणीचं पुढचं भिंग ७० मिलिमीटरचं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे हे भिंग डोळ्याच्या शंभरपट प्रकाश गोळा करतं. खरी कमाई ती. तो प्रकाश वळून ७०० मिलिमीटरवर (हे भिंगाचं नाभीय अंतर) एकत्र येतो आणि तिथे चंद्राची जेमतेम ६ मिलिमीटरची प्रतिमा तयार होते. नेत्रिका म्हणजे ती प्रतिमा जवळून बघायचं भिंग. २५ मिलिमीटर नाभीय अंतराची लावली तर ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट मोठं दिसतं; १० ची लावली तर ७० पट. खोक्यावर छापलेल्या ‘५०० पट’ला भुलू नका. एवढ्या भिंगातून १४० च्या पुढे सगळं धुरकट.

दुपारी मी बंदराबाहेर नांगरलेल्या बोटी बघतो. नळीमागे काटकोनी आरसा असल्याने बोट सरळ दिसते, पण नाव उलट्या अक्षरांत. भाचा ते माझ्याआधी वाचतो. सूर्याकडे मात्र गंमत म्हणूनही वळवू नका, डोळा जाईल.

गुरूच्या कडेला जांभळी किनार दिसते ती काचेच्या स्वभावामुळे: निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. जुन्या लोकांनी त्यावर उपाय म्हणून नळी लांबवत नेली. सतराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ हेवेलियस, त्याची तर ४६ मीटरपर्यंत गेली! पुढे दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडायची युक्ती निघाली, १७५८ मध्ये जॉन डॉलंडने तिचं पेटंट घेतलं. माझ्याही दुर्बिणीत तीच जोडी आहे, तरी किनार पुरती जात नाही. भिंगाला फक्त कडेने धरता येतं, मोठं झालं की ते स्वतःच्याच वजनाने वाकतं. म्हणून १८९७ मधल्या अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेच्या ४० इंची दुर्बिणीनंतर मोठ्या वेधशाळा आरशांकडे वळल्या. पण सर्वेअरच्या थिओडोलाइटमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रात, आणि चोडणच्या पक्षी अभयारण्यात पक्षी बघणाऱ्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीत भिंगं आहेतच.

आमच्याकडे चवथीचा चंद्र बघत नाहीत, खोटा आळ येतो म्हणतात. भाद्रपदात बहुतेक ढगच असतात, त्यामुळे आईशी वाद होत नाही. इतर महिन्यांतल्या शुद्ध चतुर्थीला मी तिलाच आधी बसवतो. तेव्हा चंद्रावर ऊन तिरकं पडतं, पेटाव्हियस विवराच्या सावल्या लांब पडतात आणि मधला डोंगर उठून दिसतो. पौर्णिमेला सावल्याच नसतात; त्या रात्री मी दुर्बीण बाहेर काढत नाही.