चिऱ्याच्या भिंती, एक राउटर आणि दोन गिऱ्हाइकं

८ जून

मृग लागला आणि घरात भांडण लागलं. माझ्या कॉम्प्युटरवर कामाचा व्हिडिओ कॉल सुरू असला की माणसं रोबोसारखी बोलायला लागतात, आणि तेव्हाच मागच्या खोलीतून पुतण्या ओरडतो, "काका, तुम्ही परत काहीतरी डाउनलोडला लावलंय!" मी म्हणतो तूच लावलंयस. आईचं मत, पावसाळ्यात असंच होतं, टीव्हीलाही व्हायचं. वहिनीचं मत, दोघांचंही बंद करा.

आधी घर सांगतो, कारण अर्धं दुखणं घराच्या आकारातच आहे. गुहागरात खालचा पाट या भागातली जुनी घरं रुंदीला कमी आणि लांबीला जास्त. पुढे रस्ता, मग अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, पुढे नारळी-पोफळीची वाडी आणि त्यापलीकडे समुद्र. भिंती चिऱ्याच्या, दीड दीड फुटाच्या. फायबरवाला रस्त्याकडून आला आणि ओटीवर राउटर ठोकून गेला. माझा कॉम्प्युटर माजघरात, म्हणजे एक भिंत पलीकडे. पुतण्याचं प्लेस्टेशन ४ मागच्या पडवीतल्या खोलीत, म्हणजे तीन भिंती आणि साधारण साठ फूट पलीकडे.

१० जून

पहिली चाचणी तीच, जी सगळ्यांनी पहिल्यांदा करायला हवी आणि जी मी तीन आठवडे केली नव्हती. दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला (१९२.१६८.१.१) सतत पिंग, म्हणजे चिमुकली हाक मारून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते बघणं; दुसरीत तेच बाहेर, गुगलच्या ८.८.८.८ ला. बाहेरचं बिघडलं आणि राउटरचं ठीक असेल तर दोष लाइनचा किंवा कंपनीचा. राउटरचंच बिघडलं तर दोष घरातला, आणि मग कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही.

राउटरचा पिंग ३, ४, ३, ३, मग एकदम ३८०, ४१२, मग टाइमआउट, परत ३. दोन्ही खिडक्या एकत्रच उडत होत्या. म्हणजे इंटरनेट बिचारं निर्दोष. गेल्या महिन्यात मी कंपनीच्या माणसाला जे बोललो त्याबद्दल थोडं वाईट वाटलं.

पावसाचा संशयही तिथंच मिटवला. फोनवर वायफाय ॲनालायझर लावून एकाच स्टुलावर, एकाच कोनात, मुसळधार पावसात आणि उघडीप असताना मोजलं. फरक एक-दोन डेसिबलचा, तेवढा फोन हातात फिरवला तरी पडतो. घरातल्या अंतराला पाऊस वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचं काही वाकडं करत नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." म्हणजे पटलं नाही.

१३ जून

आज भिंती मोजल्या, म्हणजे कुठे किती सिग्नल पोचतो ते (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). ओटीवर राउटरपासून हातभर अंतरावर -३९. माजघरात -६१. मागच्या खोलीत प्लेस्टेशनच्या जागी -८२. डेसिबलचा हिशोब दहा-दहाच्या पटीत चालतो: दहा उतरले की ताकद दहावा हिस्सा, वीस उतरले की शंभरावा. ओटीवरून मागे जाईपर्यंत चाळीसच्या वर उतरतायत, म्हणजे पोचतंय ते दहा हजारातला एक भागही नाही. तरीही जोडणी टिकते याचंच खरं तर कौतुक करायला हवं.

राउटर कुठे होता तेही सांगून टाकतो: ओटीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे, "दिसायला बरं नाही" म्हणून. काढून कपाटापासून लांब, आढ्याजवळच्या तुळईला बांधला. मागच्या खोलीत -८२ चे -७५ झाले. सात डेसिबल म्हणजे पाच पट ताकद, खर्च एक सुतळी.

लॅग, म्हणजे खेळातलं आणि कॉलमधलं अडखळणं, मात्र तसाच.

१६ जून, आणि इथेच खरी गंमत

सगळ्यात जास्त वेळ मला एका प्रश्नानं खाल्ला. माझा कॉम्प्युटर एकाच भिंतीपलीकडे आहे, सिग्नल चांगला -६१ आहे. मग माझे पिंग का उडतात? लांब तर प्लेस्टेशन आहे!

राउटरच्या सेटिंगच्या पानावर कोण कोणत्या वेगाने जोडलंय याची यादी असते. माझ्या कॉम्प्युटरसमोर ७२ एमबीपीएस. प्लेस्टेशनसमोर साडेसहा. साडेसहा हा वायफाय एनचा (वायफायच्या एका जुन्या पिढीचा) तळ. सिग्नल कमकुवत झाला की यंत्र हळू पण खणखणीत बोलतं, जसं आपण लांबच्या माणसाशी एकेक शब्द तोडून बोलतो.

आता हवा एकच आणि एका वेळी एकानेच बोलायचं. जो डेटा माझा कॉम्प्युटर एका घासात टाकतो, तोच प्लेस्टेशनला द्यायला हवेत अकरा पट वेळ लागतो. वर लांबवर पाठवलेल्यांपैकी अर्धे तुकडे पोचतच नाहीत, ते परत पाठवायचे. तेवढा वेळ मी ताटकळतो. कुंभार्ली घाटात चिऱ्यांनी भरलेला ट्रक पुढे लागला की मागची नवी कोरी गाडी काय आणि एसटी काय, सगळ्यांचा वेग तोच. आपल्या गाडीत दम किती आहे याला तिथं काही अर्थ राहत नाही.

पडताळा सोपा होता. प्लेस्टेशन पूर्ण बंद (रेस्ट मोड नव्हे, त्यात ते गुपचूप अपडेट ओढत असतं): माझे पिंग सरळ रेषेत. पुतण्याला एक गेम डाउनलोडला लावायला सांगितलं: मिनिटभरात ४०० च्या वर. म्हणजे भांडणात दोघंही खरे होतो. त्याचं लांब असणं मला नडत होतं, आणि मी व्हिडिओ लावला की त्याच्या वाटणीची हवा कमी होत होती.

१९ जून

पण पडताळा रोज जुळेना. दोन रात्री प्लेस्टेशन बंद असूनही माझं वायफाय पडलं. डोकं खाजवत बसलो. शेवटी कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च मारला. यूएसबी ३ च्या दोन निळ्या भोकांत शेजारी शेजारी दोघे: वायफायचा डाँगल (कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारा अंगठ्याएवढा तुकडा) आणि बॅकअपची हार्ड डिस्क. त्या दोन्ही रात्री बॅकअप चालू होता.

यूएसबी ३ ची तार चालू असली की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, हे जुनं दुखणं आहे. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. मी ते वाचलंही होतं, पण स्वतःच्या टेबलामागे वाकून बघायचं सुचलं नाही. डाँगल मीटरभर एक्स्टेन्शनवर घेऊन कोनाड्यात ठेवला. कोनाडा दिव्यासाठी होता, आता त्यात डाँगलचा हिरवा दिवा लुकलुकतो. आईला हे आवडलं.

२२ जून

कॉम्प्युटर वायफायच्या दुसऱ्या बँडवर, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हलवला. डाँगलला ते येत होतं, पण राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असल्यामुळे कॉम्प्युटर सारखा २.४ वरच चिकटायचा. नावं वेगळी केली: "ओटी" आणि "ओटी-५". चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली गल्ली, ३६ पक्का केला. ५२ ते १४४ हे चॅनल मुद्दाम टाळले, तिथे राउटरला आधी रडारचा कानोसा घ्यावा लागतो आणि चाहूल लागली की चॅनल सोडून पळावं लागतं. कॉल चालू असताना ती पळापळ नको. एका भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ -६८ येतो, म्हणजे २.४ पेक्षा उणाच, पण वेग कितीतरी जास्त आणि तिथे घाटातला ट्रक नाही.

प्लेस्टेशन मात्र तिथेच राहिलं. २०१३ च्या मूळ प्लेस्टेशन ४ ला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, ते २०१६ च्या स्लिम आणि प्रो मध्ये आलं. पुतण्याने लगेच "मग प्रो घेऊया" असा तोडगा सुचवला. नामंजूर.

त्याच्यासाठी २.४ वर चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली आणि ऑटो काढून १ लावला, कारण शेजारच्या होमस्टेचा राउटर आणि रिपीटर दोन्ही ६ वर बसलेत. एकमेकांत न घुसणारे तीनच: १, ६, ११. ३ किंवा ४ वर बसणं म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाणं. थोडा फरक पडला. "थोडा" हा शब्द पुतण्याला मान्य नाही.

५ जुलै

तार. शेवटी तारच.

चिपळूणहून कॅट ६ जातीची नेटवर्कची तार आणली, तीस मीटर. दुकानदाराने पहिल्यांदा दिली ती स्वस्त होती. बाहेरचं सोलून एका तारेवर ब्लेड फिरवलं तर आत चांदीसारखं पांढरं. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. परत दिली आणि अख्खी तांब्याची घेतली. ॲल्युमिनियम दोन वेळा वाकवलं की तुटतं, आणि आमच्या खाऱ्या हवेत तर त्याच्यावर भरवसा नकोच.

माळ्यावरून वाशांच्या कडेने पीव्हीसी पाइपात घालून नेली. पाइप उंदरांसाठी. मागच्या वर्षी त्यांनी डिशची तार जिथे खाल्ली त्याच वाशावर हल्लीच्या ताज्या लेंड्या होत्या.

मग कनेक्टर. चार जोड्या उलगडल्या, केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि अशाच ओळीने दोन्ही टोकांना दाबल्या. टेस्टर लावला, आठही दिवे क्रमाने लागले. खूश. प्लेस्टेशनला लावली: लिंक (जोडणीचा वेग) कधी १०० एमबीपीएस, कधी गायबच. दोनदा कनेक्टर बदलले. दिवे आठही, लिंक तशीच आजारी. साधा टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोचते का एवढंच बघतो. कोण कोणाशी पिळलंय हे त्याला कळत नाही. आणि सगळा खेळ त्या पिळाचाच आहे. ३ आणि ६ या दोन पिनांवर एकच जोडी यायला हवी, म्हणून हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकवतात. मी मात्र ३ वर हिरव्या जोडीतली आणि ६ वर निळ्या जोडीतली तार दिली होती. पिळामुळे जो गोंगाट एकमेकांना मारतो, तो माझ्या तारेत मोकाट सुटला होता.

बरोबर ओळ: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकं कापून परत दाबली. लिंक १०००. राउटरचा पिंग एक मिलिसेकंदाच्या आत. पुतण्या दोन तास काही बोलला नाही, हीच पावती समजायची.

१२ जुलै

तार मागे पोचलीच आहे तर तिथे फोनसाठीही वायफाय असावं, म्हणून माळ्यावर दोन पावसाळे पडलेला जुना राउटर काढला. भोकातल्या पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. स्पिरिट आणि जुना टूथब्रश. चालू झाला.

घाईत तार त्याच्या वॅनच्या (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) भोकात घातली. लगेच प्लेस्टेशनवर नॅट टाइप ३ (बाहेरच्यांशी जोडणी अडखळते तो प्रकार), मित्रांचा आवाज येईना. राउटरमागे राउटर, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोन वेळा. जुन्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद केला, पत्ता १९२.१६८.१.२ दिला, तार लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) भोकात. टाइप २ आला. मी पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणाऱ्याला थेट प्लेस्टेशनकडे धाडणं) करून बघायच्या बेतात होतो, पण ओटीवरच्या राउटरचा बाहेरचा पत्ताच १०० ने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ यातला पत्ता दिसला तर समजायचं की कंपनीने शेकडो घरं एका पत्त्यामागे दाटीवाटीने बसवलीत. तिथे आपल्या फॉरवर्डिंगला कोणी विचारत नाही. टाइप २ वर समाधान.

३ ऑगस्ट

एक तक्रार उरली होती. रात्री मी फोटो इंटरनेटवर बॅकअपला चढवायला लावले की पुतण्याचा खेळ अजून अडखळायचा. तारेवरून! दोन खिडक्यांची तीच चाचणी: राउटरचा पिंग १ च्या आत, बाहेरचा २२ वरून ३०० ला. या वेळी दोष खरंच घराबाहेर जाण्याच्या दारात आहे. राउटर माझे फोटो रांगेत लांबलचक कोंबून ठेवतो आणि खेळाचं चिमुकलं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. सध्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडला लगाम घातलाय, लाइनच्या ऐंशी टक्क्यांवर. पिंग ३५ च्या वर जात नाही. खरा उपाय म्हणजे पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालवणारा राउटर आणि त्यावर केक ही रांग लावणारी पद्धत. त्यासाठी कंपनीचा डबा ब्रिज मोडला, म्हणजे स्वतः राउटरगिरी न करता नुसता पूल बनून, हवा. फोन केला. "सर, एकदा रिस्टार्ट करून बघा."

आता पुढचं काम हस्ताच्या आत. माळ्यावरून साठ फूट तांबं गेलंय आणि हस्ताचा पाऊस गडगडत येतो. विजेची वाट तोडायला ओटी आणि माळा यांच्यामध्ये फायबरचा छोटा तुकडा आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (तांबं आणि फायबर जोडणाऱ्या डब्या) घालायचा विचार आहे, कोणी केलं असेल तर कोणते टिकले ते सांगा. तोवर आईने राउटरखाली खडूने लिहून ठेवलंय: "वीज चमकली की निळी वायर काढणे." वायर करडी आहे. पण घरात सगळ्यांना कळतं.