सुजेचं माप

गुंड्याचा पाय सुजलाय हे मला आधी कानानं कळलं. रोज सकाळी सहाला तो जिना उतरतो तेव्हा फरशीवर चार पायांच्या नखांची एक ठरलेली टकटक होते. त्या दिवशी ती तीनच पायांची आली. तीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, काढली की कान असे होतात. मशीनचा आवाज जरा बदलला की चहा तसाच ठेवून उठायचं, ही सवय.

उठून बघितलं तर डावा पुढचा पाय मनगटाच्या वर, आपण घड्याळ बांधतो तिथं, फुगलेला. हात लावला तर गरम. गुंड्यानं माझा हात चाटला आणि पाय अलगद काढून घेतला. म्हणजे तुझ्यावर राग नाही, पण पायाला हात लावू नकोस.

हा गुंड्या आठ वर्षांपूर्वी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आमच्या शेडमागं, लेथच्या चिपांच्या ढिगाजवळ सापडला. आई गावठी असणार, बाप कुणीतरी कारवान, म्हणजे लांब पायांचा शिकारी कुत्रा. कारण तेव्हा चेंडूसारखा गोल होता म्हणून गुंड्या नाव ठेवलं आणि सहा महिन्यांत पाय लांब, कंबर बारीक, तोंड टोकदार असा ताडमाड झाला. नाव बदलायचं राहून गेलं. आता वजन चोवीस किलो.

चिपांचा ढीग म्हणालो, कारण माझी पहिली शंका तीच होती. लेथवरनं निघणारी लोखंडाची ती कुरळी चिप बुटाच्या तळव्यात बसते आणि घरापर्यंत येते. बायको गेली पंचवीस वर्षं त्यावरनं बोलते आहे. तीच गुंड्याच्या पायात गेली असणार, म्हणजे दोष माझाच, असं मी दात घासता घासता ठरवून टाकलं.

गल्लीचं मत वेगळं होतं. शिवाजी पेठेत माणूस आजारी पडला तर चार जण विचारतात, कुत्रं आजारी पडलं तर चाळीस. दूधवाला म्हणाला, रंकाळ्यावर फिरवताय न्हवं, कुसळ गेलं असंल. हे अगदीच टाकाऊ नव्हतं. दिवाळीनंतर गवत वाळतं तेव्हा कुसळ कातडीत घुसतं आणि आतल्या आत पुढं सरकत राहतं, मागं कधी येत नाही. समोरचे तात्या म्हणाले, इंगळी डसली. पलीकडच्या मावशींनी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून आणलं. वाटी घेतली, लेप लावला नाही. मागच्या घरातल्या एका सद्गृहस्थांनी तर स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी फोडून अर्धी पुढं केली.

ती अर्धी गोळी मी घेतली नाही हे माझं नशीब, आणि गुंड्याचं. कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता, "काका, घरातली माणसांची कुठली गोळी दिली नाही ना?" आपली आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड बिघडवते. पॅरासिटामॉलसुद्धा त्याच्या यकृताला झेपत नाही. चोवीस किलोचा जीव म्हणजे लहान माणूस, असा हिशेब मांडायचा नाही म्हणाल्या.

मग थर्मामीटर लावलं. ते कुठं लावतात हे गुंड्याला ठाऊक आहे, त्यामुळं तो माझ्याकडं जन्मभराची फसवणूक झाल्यासारखा बघत होता. १०३.६. कुत्र्याचं १०१ ते १०२.५ म्हणजे नॉर्मल; आपल्या अंगात १०१ असेल तर आपण रजा टाकतो. एक्स-रे काढला, रक्त घेतलं.

एक्स-रेत लोखंड असतं तर पांढरंफेक चमकलं असतं. ते नव्हतं. मी सुटलो. कुसळ मात्र एक्स-रेत दिसतच नाही, म्हणजे दूधवाला सुटला नाही. पण डॉक्टरांचं बोट मनगटाच्या वर हाडाच्या कडेपाशी थांबलं होतं. "इथं कड जरा धूसर वाटते."

वाटते. आमच्या धंद्यात हा शब्द नाही. भोकाचं माप बघायला आमच्याकडं गो-नोगो गेज असतं. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो जाता कामा नये. जॉब पास नाहीतर रिजेक्ट, मधलं काही नाही. गिऱ्हाइकाला मी 'साहेब, भोक जरा बरोबर वाटतंय' असं सांगितलं तर तो गाडी वळवून दुसऱ्या शेडला जाईल.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हाडातलं निदान तीस टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत फरक दिसत नाही. म्हणजे आज जे धूसर आहे ते काहीच नसेल, किंवा कशाची तरी सुरुवात असेल. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट बहात्तर हजार. कुत्र्याला त्या दीड-दोन लाख तरी हव्यात. गोचिडाच्या तापाची तपासणी पॉझिटिव्ह. मी म्हणालो, चला, सापडलं. या तापात सांधे सुजतात, कुत्रं लंगडतं, सगळं जुळतंय. तर त्या म्हणाल्या, जुळतंय, पण ही तपासणी पूर्वी कधी ताप येऊन गेला असेल तरी पॉझिटिव्ह येते. आपल्या भागात कितीतरी कुत्र्यांची येईल. ताप आत्ताचा असेलही. आणि ताप असूनही हाडात वेगळं काहीतरी असेल.

"मग कापून बघा की," मी म्हणालो. हे मी लेथवाल्याच्या तोंडानं बोललो. ऑइल इंजिनचे पार्ट करता करता हे गाव फौंड्र्यांचं झालं, त्यामुळं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड, आम्हाला घरच्यासारखं. वरनं गुळगुळीत दिसतं, ठोकलं तर आवाजही चांगला येतो, आणि दोन कट मारले की आत ब्लोहोल. ओतताना अडकलेल्या हवेचं भोक. कापल्याशिवाय कळत नाही. आणि कापल्यावर कळलं तर जॉब फुकट, मजुरी फुकट, वर फौंड्रीवाल्याशी भांडण.

डॉक्टर हसल्या नाहीत. हाडाचा तुकडा काढायचा तर भूल द्यावी लागणार, आणि प्लेटलेट एवढ्या कमी असताना रक्त थांबणार नाही. आधी अठ्ठावीस दिवस गोचिडाच्या तापावरची गोळी, डॉक्सिसायक्लिन. प्लेटलेट वर आल्या, सूज उतरली तर उत्तमच. मग पुन्हा एक्स-रे, त्याच जागेचा. तेव्हाही कड धूसर असेल तर सुई घालून बघायचं, नाहीतर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचं. "तोवर?" मी विचारलं. "तोवर रोज सूज वाढते की उतरते एवढं बघा."

एवढं बघा म्हणाल्या आणि एका मापवाल्याच्या हातात माप दिलं.

घरी येऊन आधी व्हर्निअर, आमचा जाडी मोजायचा चिमटा, काढला. पाय काही शाफ्ट नाही. जबडे लावले की मऊ जागा दबते आणि आकडा हवा तेवढा कमी येतो. मग बायकोची ब्लाउज शिवायची टेप घेतली. आता माप घ्यायचं तर कुठून, हे आधी पक्कं पाहिजे. कुत्र्याच्या पुढच्या पायाला मनगटामागं एक छोटी काळी गादी असते, जमिनीला न टेकणारी. ती कशासाठी असते याचा आठ वर्षांत मी कधी विचार केला नव्हता. त्या गादीपासून दोन बोटं वर, ही जागा ठरवली. उजवा पाय साडेअकरा सेंटीमीटर, डावा पंधरा पूर्णांक दोन. बिलबुकाच्या मागच्या पानावर तारीख टाकून लिहिलं.

रोज सकाळी सात. बायको म्हणते, "मी धरतो, तुम्ही टेप लावा." (आमच्याकडं बायकाही 'करतो, धरतो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) ती डोकं मांडीवर घेते, मी टेप फिरवतो, गुंड्या छताकडं बघतो. दुसऱ्या दिवशी १५.४. तिसऱ्या दिवशी १५. चौथ्या दिवशी १४.६ आल्यावर मला इतका आनंद झाला की त्या भरात येताना वडा आणला.

पाचव्या दिवशी बायकोनं पकडलं. "आवळून धरताय तुम्ही."

खरं होतं. टेप जरा ओढून धरली की अर्धा सेंटीमीटर सूज जागच्या जागी उतरते. सैल सोडली की चढते. मी तीन वेळा माप घेतलं आणि तीन आकडे आले: १४.४, १४.९, १५.१. आमच्या पोरानं शेडमध्ये असं माप घेतलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवसापासून बायको टेप लावते, मी डोकं धरतो.

रात्री पुण्याहून लेकीचा फोन. ती मोबाइलवर वाचून वाचून निम्मी डॉक्टर झाली आहे. हाडाचा कर्करोग मोठ्या कुत्र्यांत होतो, पुढच्या पायात जास्त, आणि जागा लक्षात ठेवायला एक सूत्र आहे म्हणाली: कोपरापासून लांब, गुडघ्याच्या जवळ. मी फोन ठेवून गुंड्याकडं बघितलं. सूज कोपरापासून लांबच होती. दोन तास झोप नाही. मग मी लेकीला ताकीद दिली की यापुढं फोनवर फक्त जेवलास का, एवढंच विचारायचं. ती म्हणाली, "कोण, तुम्ही का गुंड्या?"

औषधाचं वेगळंच. डॉक्सिसायक्लिन जेवणाबरोबर द्यायची, नाहीतर अन्ननलिकेत अडकून आग करते. आणि दुधाबरोबर द्यायची नाही, दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं. कोल्हापुरात राहून दूध नाही! या गावात लोक कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं दूध पितात, आमचा गुंड्या पिल्लाचा मोठा झाला तो पावशेर दुधावर. पेढ्यात गोळी दडवायचा माझा बेतही बाद, खवाही दूधच. शेवटी उकडलेली कलेजी. तिच्यात खाच करायची, गोळी आत सरकवायची, तोंड चिमटीनं बंद करायचं. पहिले तीन दिवस चाललं. चौथ्या दिवसापासून कलेजी पोटात आणि गोळी चाटून-पुसून स्वच्छ फरशीवर, अगदी दागिना ठेवल्यासारखी. आता आधी दोन रिकामे तुकडे देतो, तिसऱ्यात गोळी, आणि चौथा लगेच नाकासमोर धरतो. चौथ्याच्या घाईत तिसरा गिळतो. माणसालाही याच युक्तीनं बरंच काही गिळायला लावतात.

आंबेहळदवाल्या मावशी दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला निघाल्या होत्या. "गुंड्याचं नाव घेतो मी तिथं," म्हणाल्या. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री असत्यात, त्यास्नी कळतंय." आमच्या हॉलमध्येही दत्ताची तसबीर आहे, वडलांच्या वेळची. इतकी वर्षं उदबत्ती लावली, कुत्री कधी मोजली नव्हती. त्या रात्री खुर्ची घेऊन जवळनं बघितली. चारच्या चार, आणि सगळी सोळा पायांवर ठाम उभी. चित्रकारानं एक तरी जरा खुरडताना काढायला हवं होतं.

बायकोनं तेवढ्यात मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढून घेतली. मी काही बोललो नाही. धूसर कडेला गेज लावता येत नसेल तर मीठ-मोहऱ्यांनाच का नावं ठेवायची?

पंधराव्या दिवशी रक्त पुन्हा तपासलं. प्लेटलेट एक लाख चाळीस हजार. ताप नाही. सूज बायकोच्या हातानं १३.३. सगळे म्हणाले, झालं, तापच होता. डॉक्टर तेवढ्या म्हणाल्या, छान आहे, पण एक्स-रे होऊ दे. मला आधी त्यांचा राग आला. मग आठवलं, मीही गिऱ्हाइकाला पहिला कट चांगला गेला म्हणून जॉब पास झाल्याचं कधी सांगितलेलं नाही.

काल एकोणिसावा दिवस होता. सात वाजता टेप घ्यायला गेलो तर शिवणाच्या डब्याचं झाकण उघडं, आणि गुंड्या पलंगाखाली. बोलावल्यावर बाहेर आला तो चारही पाय टाकत, हे माझ्या आधी बायकोच्या लक्षात आलं. पलंगाखालनं मी टेप ओढून काढली. ती दहापासून सुरू होत होती.

पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं फरशीवर गुडघ्यांवर. टोकाची पत्र्याची टोपी सापडली, तेवढं बरं झालं. मग एक-दोनचा तुकडा, तीनचा, सहा ते आठ एकत्र, नऊ सोफ्याच्या पायाला चिकटलेला. सगळे ओळीनं मांडले. चार आणि पाच काही केल्या मिळेनात.

डॉक्टरांना फोन लावला. पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही, मग खोकल्यासारखा आवाज आला. "किती मोठा तुकडा आहे, काका?" मी म्हणालो, "दोन सेंटीमीटर. बरोब्बर." एवढा असेल तर बहुतेक आपोआप निघून जाईल म्हणाल्या, पण उलट्या झाल्या किंवा जेवण सोडलं तर लगेच घेऊन या.

गुंड्यानं जेवण सोडलं नाही. कलेजीचे चारही तुकडे खाल्ले, गोळीसकट. मी बिलबुकाचं मागचं पान उघडलं आणि तारीख टाकली: दिवस १९. माप नाही. ४ आणि ५ पोटात.