तुम्ही विचारलेत म्हणून: माझ्या गाडीवरचे ते ब्रॅकेट

मोटरसायकलचे मागचे लांब मडगार्ड काढून नंबरप्लेटसाठी आखूड ब्रॅकेट बसवायला निघालेल्या प्रत्येकाला तुम्ही अडवता, मग तुमच्या स्वतःच्या गाडीला तसलेच ब्रॅकेट कसे? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता प्रश्न पूर्ण होण्याआधीच माझा चेहरा उतरतो. आजवर मी अर्धेमुर्धे उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज सगळे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बसवू नका, असे मी कधीच म्हटलेले नाही. चाक पूर्ण वर उचलून टायर आणि ब्रॅकेट यांच्यातले अंतर मोजल्याशिवाय बसवू नका, असे मी म्हणतो. वाक्याचा पहिला भाग गळून जातो आणि शेवटचे दोन शब्द तेवढे लोकांच्या लक्षात राहतात, याचा मला मनापासून राग येतो. पण हा राग करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही मला सांगितलेच पाहिजे, कारण पहिल्या खेपेला मीसुद्धा मोजले होते आणि चुकीचे मोजले होते.

त्या संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता आणि धाकटा भाऊ डबलसीट होता. त्याच्या पाठीवर भरलेली पिशवी होती, म्हणजे मी एकटा असताना मागच्या चाकावर जो भार येतो त्याहून कितीतरी अधिक भार होता. रस्त्यातल्या एका खोलगट भागात गाडी दबली आणि मागून खर्र असा आवाज आला. "दादा, मागे काहीतरी घासतंय," तो म्हणाला. खडा उडाला असेल, असे मी म्हणालो. पुढच्या खळग्यात पुन्हा तोच आवाज आला, तो पुन्हा बोलला, आणि मी त्याला तोडून म्हणालो, "मी मोजून बसवलंय. गप बस." तो गप्प बसला.

थोड्याच वेळात मीटरचा उजेड गेला. तो गेलेला मी पाहिला. मीटरचा बल्ब उडाला असेल, घरी गेल्यावर बघू, असे मनाशी म्हणून मी गाडी चालवत राहिलो. मागचा दिवा, नंबरप्लेटच्या पाटीवरचा दिवा आणि मीटरचा दिवा माझ्या गाडीत एकाच फ्यूजवर आहेत हे मला चांगले ठाऊक होते, कारण त्याच वायरी मी काही दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने जोडल्या होत्या. तरीही त्या क्षणी मला ते सुचले नाही. अंधार पडत आलेल्या रस्त्यावर, भावाला मागे बसवून, मागचा दिवा नसलेली गाडी मी किती अंतर चालवली, हे मला पुढे कधीही नेमके ठरवता आले नाही. मागून आलेल्या एका मोटारीने अगदी जवळ पोचल्यावर करकचून ब्रेक लावला, आणि तिच्या चालकाने बाजूला येऊन काच खाली करून ओरडून सांगितले, तेव्हा कुठे मी थांबलो.

पाटी एका बोल्टवर तिरपी लोंबत होती. तिची खालची कड टायरने चंद्रकोरीसारखी झिजवली होती आणि रंग जाऊन तिथला पत्रा चकाकत होता. ब्रॅकेट जिथे काटकोनात वाकवलेले होते नेमकी तिथेच त्याला चीर गेली होती, आणि त्या धारदार कडेवर घासून पाटीच्या दिव्याच्या वायरीचे आवरण सोलून तांबे उघडे पडले होते. ते तांबे ब्रॅकेटला टेकताच फ्यूज उडाला होता. मी ब्रॅकेट सोडवले, वायर वेगळी करून तिच्या टोकाला प्लास्टिक गुंडाळले आणि फ्यूजच्या डबीतला जादा फ्यूज लावला. हे होईपर्यंत भाऊ मोबाइलचा टॉर्च मागून येणाऱ्या गाड्यांकडे धरून उभा होता. त्याची कॉलर आणि पाठीवरची पिशवी चिखलाने माखलेली मला त्या उजेडात दिसली. मी मोजलेल्या मापाबद्दल त्याने त्या वेळी काही विचारले नाही आणि नंतरही नाही.

माप असे चुकले होते. गाडी डबल स्टँडवर उभी करून मी टायर आणि ब्रॅकेट यांच्यातले अंतर घेतले होते आणि ते सुमारे ९० मिलिमीटर भरले होते. पण डबल स्टँडवर मागचे चाक हवेत लोंबत असते, म्हणजे अंतर जास्तीत जास्त असते. माझ्या गाडीचे मागचे चाक १३० मिलिमीटरपर्यंत वर येऊ शकते. दोघे बसल्यावर त्यातला बराच भाग बसल्या जागीच संपतो, आणि उरलेला एखादा खळगा खाऊन टाकतो. ही वजाबाकी मी केलीच नव्हती. दुसरी चूक धातूची. ते ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे होते. ठरावीक ताणाच्या खाली पोलाद जवळजवळ कितीही कंप सोसते, ॲल्युमिनियमला मात्र तशी सुरक्षित पातळी नसते. त्यात प्रत्येक कंप साठत जातो आणि तीक्ष्ण वाकवलेल्या कोपऱ्यात तो आधी फुटून बाहेर पडतो. टायरने नुसता शेवटचा धक्का दिला.

आता गाडीला आहे ते ब्रॅकेट पोलादी आहे, गोलसर वाकवलेले आहे आणि दोन्ही बाजूंनी टेकू दिलेले आहे. ते बसवण्याआधी मी गाडीचा सांगाडा आधारावर टेकवला, शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढला आणि चाक हाताने अगदी वरपर्यंत उचलून पाहिले. त्या अवस्थेतही ३० मिलिमीटर उरतात. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेवर घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी, आहे. ६ मिलिमीटरच्या बोल्टांना निळे थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट कंपाने सैल होऊ न देणारा द्रव, लावून ते १० न्यूटन-मीटरला आवळले आहेत; तो द्रवही प्लास्टिकपासून दूर ठेवून, कारण काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. पाटी जवळजवळ उभी आहे. ती आकाशाकडे तोंड करून बसवणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही. युरोपातल्या नियमांत ती वरच्या बाजूला ३० अंशांहून अधिक कलवता येत नाही, आणि मागून वाचता येण्यासाठी तेवढे बंधन हवेच. एलईडी इंडिकेटर भराभर लुकलुकतात त्याचे काय, असे सगळे विचारतात. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर रिले बदला, तेवढ्याने भागते.

इतके करूनही एक गोष्ट मोजून सुटत नाही, ती म्हणजे पाणी. मूळ मडगार्ड लांब असते ते टायरने उडवलेले पाणी मागे बसलेल्याच्या पाठीवर आणि मागच्या वाहनाच्या काचेवर जाऊ नये म्हणून. मी ब्रॅकेटखाली रबराची पट्टी लावली आहे, पण तिने निम्मेच काम होते. मूळ मडगार्ड माळ्यावर धड पडून आहे आणि ते परत लावायला एक दुपार पुरेल. मग का लावत नाहीस, असे मीच मला विचारतो. ते लांबलचक प्लास्टिकही हादरतेच, असे मी पूर्वी सांगत असे. त्यात तथ्य आहे, पण ते माझे कारण नाही. मला ती मागे लोंबणारी शेपटी बघवत नाही, एवढेच कारण आहे, आणि एका माणसाच्या पाठीवर चिखल उडण्यापुढे ते पुरेसे आहे का, याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

भाऊ आजही माझ्या मागे बसतो. बसण्याआधी तो वाकतो आणि टायर व ब्रॅकेट यांच्यामध्ये बोटे घालून पाहतो. गाडी तेव्हा स्टँडवर असते, त्या मापाला अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. मी त्याला ते सांगत नाही. त्याचे पाहून होईपर्यंत गाडी धरून उभा राहतो.