तीन जूनला टॅलाहाचीच्या पुलावर

मेम्फिसला आतेभावाकडे पाच दिवस होते. त्यातले चार एल्विसचं घर, बार्बेक्यू आणि मॉल यांत गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पाचव्या दिवशी मात्र हट्टच धरला. तारीख 3 जून होती आणि मला मिसिसिपीतलं मनी नावाचं गाव बघायचं होतं.

"तिथे काय आहे?"

"पूल."

"पूल बघायला सव्वादोन तास गाडी हाकायची?" दादा म्हणाला. पण वहिनीने तोवर डबे भरले होते, त्यामुळे सुटला नाही.

दादाला गाणं माहीत नव्हतं, म्हणून गाडीत लावलं. बॉबी जेंट्रीचं 'ओड टू बिली जो', 1967 चं. दुपारची वेळ, तारीख 3 जून, शेतावरचं घर, सगळे जेवायला बसलेत. आई बातमी सांगते, बिली जो नावाच्या पोराने टॅलाहाची नदीच्या पुलावरून उडी मारली. वडील म्हणतात, त्या पोराला अक्कल कधी नव्हतीच, जरा ती बिस्किटं इकडे दे. आईला एवढंच खटकतं की सकाळपासून रांधलेल्याला लेक हात का लावत नाही. बिली जो आणि त्या मुलीने पुलावरून खाली काय टाकलं, यावर अमेरिकेने वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. जेंट्री मात्र सांगत राहिली, गाणं त्या वस्तूबद्दल नाही, जेवणाऱ्यांच्या नकळत घडणाऱ्या निर्दयपणाबद्दल आहे.

"एवढंच गाणं हिचं?" दादाने विचारलं आणि मी पेटले. बाई आजी-आजोबांच्या वीज नसलेल्या शेतावर वाढली. आजीने दुभती गाय देऊन शेजाऱ्याचा पियानो घेतला, त्यावर ही शिकली. हे गाणं खरं तर तबकडीच्या मागच्या बाजूला होतं! तरी चार आठवडे देशात पहिलं राहिलं, तिच्या अल्बमने बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला वरच्या जागेवरून उतरवलं आणि तिला तीन ग्रॅमी मिळाली. पुढे बीबीसीवर स्वतःची मालिका, लास व्हेगासमध्ये स्वतः बसवलेले कार्यक्रम. 'फॅन्सी'ही तिचंच, पण आज ते लोकांना रीबा मॅकएंटायरच्या आवाजात आठवतं. आणि 1982 नंतर बाई लोकांसमोरून नाहीशीच झाली. ना मंच, ना मुलाखत. एकाच गाण्यावर ओळख थांबली याचं तिला वाईट वाटलं असेल का, की सुटका वाटली असेल? मला सुटका वाटली असावी असं वाटतं, पण ते माझं मन.

ग्रीनवुडहून पंधरा-सोळा किलोमीटर कपाशीची शेतं आणि मग मनी. गाव म्हणावं असं काही उरलेलंच नाही. गाण्यातला पूल तर 1972 मध्येच पडला. आताचा अगदी आपल्या तालुक्यातल्या पुलासारखा, खाली गढूळ, आळसावलेलं पाणी. मी फोटो काढले. दादा घाम पुसत "झालं?" म्हणत होता.

तेवढ्यात एक पिकअप थांबली. आतल्या म्हाताऱ्याने काच खाली करून विचारलं, "गाण्यासाठी आलात की त्या पोरासाठी?"

कुठलं पोरगं? मला खरंच कळलं नाही. मी म्हणाले, बिली जो ना. त्याने मान हलवली, रस्त्याकडे बोट दाखवलं आणि निघून गेला.

बोटाच्या दिशेला वेलींनी गिळलेलं पडकं दुकान होतं. ब्रायंट किराणा. शिकागोहून आलेला चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल ऑगस्ट 1955 मध्ये या दुकानात आला होता, गोऱ्या मालकिणीशी आगाऊपणा केला असं म्हणत त्याला रात्री घरातून उचलून नेलं. प्रेत याच टॅलाहाचीत सापडलं. मालक आणि त्याचा सावत्र भाऊ यांना गोऱ्या ज्यूरीने तासाभरात निर्दोष सोडलं. नंतर पैसे घेऊन दोघांनी मासिकात खून कबूल केला. हे मी वाचलेलं होतं. नाव, साल, नदी, सगळं. फक्त गाव तेच आहे हे डोक्यात आलं नव्हतं, कारण डोक्यात गाणं होतं. जेंट्री तेव्हा जवळपास त्याच वयाची.

दुकानापुढचा फलक पूर्ण वाचला. फोटो काढायला हात उचलला नाही.

गाडीत एसी लावून दादाने डबे उघडले. ठेपले, बटाट्याची भाजी.

"सोडलं कसं रे त्यांना, तासाभरात?" मी म्हटलं.

"तेव्हाचा काळच तसला," दादा म्हणाला. "लोणचं दे जरा."

मी दिलं. मलाही भूक लागली होती.