साइडमाउंट जुळवताना

मालवणात स्कूबा डायव्हिंगला आम्ही पाठीवर हवेचं एकच सिलिंडर बांधतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळांसाठी ते पुरतं. पण मला मेक्सिकोतल्या युकातानच्या पाण्याखालच्या गुहांमध्ये उतरायचंय. तिथे डोक्यावर दगडाचं छत, थेट वर येणं नाही. म्हणून साइडमाउंट: दोन कुशींना दोन स्वतंत्र सिलिंडर, व्हॉल्व्ह काखेजवळ, हात सहज पोचेल असे.

खरी मेहनत बंजीची, म्हणजे सिलिंडर अंगाशी धरून ठेवणाऱ्या लवचिक दोरीची. सैल राहिली तर सिलिंडर लोंबतं, फार घट्ट केली तर खांदा हलत नाही. शिवाय ११.१ लिटरचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर हवा संपत आली की हलकं होतं आणि बुडाकडून वर उचलतं. तेव्हा खालचा हुक कमरेवरच्या पुढच्या डी-रिंगला, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराच्या कडीला लावायचा. तारकर्लीच्या उथळ पाण्यात मी हेच डोळे मिटून करत राहतो. पावसाळ्यात समुद्र बंद, त्याआधी हात बसायला हवा.

उजव्या सिलिंडरला दोन मीटरची नळी हवीच, यात मी तडजोड करणार नाही. जोडीदाराची हवा गेली तर अरुंद बोळातून एकामागे एक निघताना तीच वाचवते. डाव्याचा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन, गळ्यात.

श्वास दोन्हींतून आलटूनपालटून. प्रत्येकात हवेचा दाब २१० बार असेल तर ७० जायला, ७० परतायला, उरलेले ७० राखीव.