बीईचा प्रोजेक्ट, आईच्या लाल रेघा आणि राजाभाऊ

झाला बाबा एकदाचा विषय फायनल, मराठीचा स्पेलचेक सुधारायचा. सिनॉप्सिस जमा करायच्या आदल्या रात्री साडेअकराला, होस्टेलच्या टेरेसवर, कारण रूममध्ये नेट येत नव्हतं. ज्युनिअर लोक सारखे विचारतायत की ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, बीईचा प्रोजेक्ट करता येतो का, गाईड हो म्हणतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवायचा कंटाळा आलाय.

विषय कसे ठरतात ते माहितीये सगळ्यांना. मागच्या दोन-तीन बॅचची ब्लॅक बुकं (प्रोजेक्ट रिपोर्ट) चाळायची, त्यातला फेस रेकग्निशनवाला अटेंडन्स नाहीतर पानाचा फोटो काढून पिकाचा रोग ओळखणारा प्रोजेक्ट उचलायचा, नावात डीप लर्निंग घालायचं, आणि अगदीच जमत नसेल तर पैसे देऊन तयार कोड आणायचा. मी काही साधुसंत नाही हां, थर्ड इयरचा मिनी प्रोजेक्ट मी पण असाच उरकला होता आणि व्हायवात "ही लाईन काय करते" असं विचारल्यावर माझी जी दातखीळ बसली ती अजून आठवते.

म्हणून यावेळी ओपन सोर्स. पण सुरुवातीला डोक्यात हवा गेली होती. आम्ही चौघं थेट लिबरऑफिसला, म्हणजे वर्डसारख्या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरला, हात घालायला निघालो. नवीन लोकांसाठी त्यांच्याकडे ईझी हॅक्स म्हणून सोप्या कामांची यादी असते, ती वाचून वाटलं की हे तर होईल आरामात. मग सोर्स उतरवला, माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) लावला, रात्रभर पंखा विमानासारखा घोंघावत होता आणि सकाळी बघतो तर डिस्क फुल. दुसऱ्यांदा लावला तर लॅपटॉपच हँग. जो प्रोजेक्ट आपल्या मशीनवर बिल्डच होत नाही त्यावर दोन सेमिस्टर कशी काढणार, हा साधा प्रश्न आम्हाला दहा दिवसांनी सुचला.

मग ग्रुपमधल्या एकाने टेसरॅक्ट काढलं. हे ओसीआर, म्हणजे फोटोतला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर, मुळात एचपीमध्ये १९८५ ते ९४ च्या काळात तयार झालेलं, २००५ ला ओपन सोर्स झालं, आणि २०१८ च्या चौथ्या व्हर्जनपासून त्यात न्यूरल नेटवर्क आहे, म्हणजे गाईड खूश. त्या मित्राला आजोबांच्या जुन्या छापील पोथ्या वाचून घ्यायच्या होत्या. आयडिया भारी होती खरंच, पण ट्रेनिंगसाठी ओळन् ओळ कोण टाईप करणार यावरून आमची जुंपली आणि ते तिथेच राहिलं.

खरा विषय सापडला गौरीगणपतीला घरी गेलो तेव्हा. आई झेडपीच्या शाळेत शिकवते, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मीच लिनक्स टाकून दिलाय, त्यावर ती लिबरऑफिसमध्ये प्रश्नपत्रिका करते. मी स्पेलचेकसाठी मराठीचं पॅकेज टाकून दिलं आणि पाचच मिनिटांत हाक आली, "अरे, बावीस वर्षं मराठी शिकवतेय मी आणि तुझं हे मशीन मला पहिलीतल्या पोरासारख्या चुका दाखवतंय!" बघतो तर 'घर' बरोबर, 'घरासमोरच्यांनाच' खाली लाल रेघ. अर्धं पान लाल.

हे काम करतं ते हनस्पेल. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम सगळ्यांच्या पोटात हेच बसलेलं असतं. नावातला हन म्हणजे हंगेरियन, ती पण शब्दाला शेपट्या जोडत जाणारी भाषा, तिच्यासाठीच लास्लो नेमेथ यांनी हे उभं केलं. भाषेच्या दोन फाईली असतात, एकीत मूळ शब्द आणि त्यापुढे फ्लॅग (कुठला नियम लावायचा त्याची खूण), दुसरीत नियम की या फ्लॅगच्या शब्दाच्या शेवटचं अमुक काढ आणि तमुक लाव. बस. साध्या टेक्स्ट फाईली, नोटपॅडमध्ये उघडतात, आणि हनस्पेलचा स्वतःचा सोर्स एवढा छोटा की माझ्या त्याच लॅपटॉपवर चहा होईपर्यंत बिल्ड झाला.

आता गंमत अशी की हनस्पेल शब्दाच्या शेवटून जास्तीत जास्त दोनच थर सोलतं. आणि आपलं बघा: घर, मग सामान्यरूपाचा आ, मग समोर, मग च्या, मग ना, वर परत च. पाच थर झाले. म्हणजे कुठले थर आधीच एकत्र करून एका नियमात कोंबायचे आणि तसं केलं तर फाईल किती फुगते, हा अख्खा एक चॅप्टर झाला ना!

सामान्यरूपाची मजा तर वेगळीच. पैसा-पैशाला, मासा-माशाला, खिसा-खिशाला, इथे सा चा शा होतो, हे एका नियमात बसतं. पण पाऊस-पावसाला, म्हणजे शेवटचा ऊस काढून वसा लाव. कापूस-कापसाला, माणूस-माणसाला, इथे नुसता दीर्घ ऊकार जातो. आणि खुद्द ऊस? उसाला. पावसातून ऊस काढायचा पण उसातून काढायचा नाही, हे मी मेसमध्ये समजावून सांगत होतो तर शेजारचा मेकॅनिकलवाला ताट घेऊन उठून गेला.

अजून एक दुखणं म्हणजे 'दऱ्या' मधला तो अर्धा र. स्क्रीनवर सारखाच दिसतो, पण आत कुणी ऱ वापरून टाईप केलेला असतो, कुणी साधा र आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर घालून, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरा लाल. हनस्पेलमध्ये आलेला मजकूर तपासायच्या आधी बदलून घ्यायची सोय आहे, ती वापरायची असा विचार आहे.

आता गाईड. मॅडमचं पहिलं वाक्य, "यात नॉव्हेल्टी काय? आणि बेस पेपर कुठाय?" आम्ही ओपन सोर्सचं भाषण सुरू केलं, जगभरातले लोक वापरतील वगैरे, त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "तुमचा कोड त्यांनी घेतलाच नाही तर मी मार्क कशाचे देऊ?" तेव्हा राग आला होता, आता वाटतं अख्ख्या प्रोसेसमधला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. मेंटेनर, म्हणजे ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, फावल्या वेळात काम करतात, आपली सबमिशनची तारीख त्यांना काय माहिती. एका सिनिअरने असाच 'फीचर मर्ज करणे' (म्हणजे आपला कोड मूळ प्रोजेक्टात घ्यायला लावणे) हा उद्देश लिहून दिला होता आणि पुढचे सात महिने कोणी उत्तरच दिलं नाही, शेवटी तारखा बघितल्या तर त्या प्रोजेक्टकडे दोन वर्षांत कुणी फिरकलंच नव्हतं. म्हणजे हे आधी बघायला पाहिजे होतं.

म्हणून आम्ही उद्देशच बदलला. मराठी विकिपीडियाचे काही लेख घ्यायचे (लायसन्स मोकळं आहे, तो वाद नको), त्यातले बरोबर शब्द हाताने ठरवायचे, आणि हनस्पेलची जुनी मराठी फाईल किती बरोबर शब्दांना लाल करते, आमची किती करते हे मोजायचं. पॅच (आमचा बदल) पाठवणारच, पण घेतला तर बोनस. मॅडमनी मान डोलावली, फक्त टायटलमध्ये 'इंटेलिजंट' हा शब्द घालायला लावला. घातला.

शब्दांच्या यादीसाठी आधी मोल्सवर्थची डिक्शनरी घेणार होतो, १८५७ ची आवृत्ती आहे, कॉपीराईटचा प्रश्नच नाही. पण त्यातलं लेखन जुनं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या कितीतरी आधीचं, अनुस्वारांचा नुसता सडा. तपासायला माणूस हवाच, ते काम आईकडे गेलंय. रोज रात्री फोनवर मी शब्द म्हणतो, ती रूप सांगते.

काल फ्लॅग लावून झाले, भाऊ-भावाला, एकदम फिट, मी झोपलो. सकाळी उठून बघतो तर रात्री पावणेबाराचा तिचा मेसेज: "आणि राजाभाऊंचं काय? राजाभावांना म्हणणारेस का?"

त्यावर अजून माझ्याकडे नियम नाहीये.